नेम आणि नियम

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतल्या महिला मंडळांच्या आणि संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी लातूरला झालेल्या दोन दिवसांच्या शिबिरातलं हे भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सत्राचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेत हसू उमटलं, ते मी ऐकलं. ‘स्मॉल बोअर रायफल नेमबाजी : नियम आणि गट.’ सकाळी पोटगीचे अर्ज, संध्याकाळी बचत गटाचे हिशेब, आणि मध्येच ही बंदूक कुठून आली? एकीने तर चहाच्या वेळी विचारलंच, “ताई, आता आपण मोर्चात बंदुका घेऊन जायचं का?”

नाही, जायचं नाही. पण या विषयाकडे मला एका मुलीने नेलं. तिची गोष्ट मी शेवटी सांगणार आहे. त्याआधी थोडी माहिती करून घेऊ, म्हणजे तिचं नेमकं काय हुकलं ते कळेल.

‘बोअर’ म्हणजे बंदुकीच्या नळीचं भोक. गावातल्या वाड्यात भिंतीवर टांगलेली बारा बोअरची बंदूक आपण पाहिली आहे. तिचा धाकही पाहिला आहे. स्मॉल बोअर म्हणजे बारीक नळीची रायफल, ५.६ मिलिमीटरची. एन.सी.सी.तल्या मुली तिला ‘पॉइंट टू टू’ म्हणतात. स्पर्धेत ती ५० मीटरवरून चालवतात. कागदावर गोल असतात, आणि सर्वांत मधला, दहा गुणांचा गोल १०.४ मिलिमीटरचा, म्हणजे आपल्या शर्टाच्या बटणाएवढा. ५० मीटरवरचं बटण! गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून, अशा तीन प्रकारे तो साधायचा असतो. याला थ्री पोझिशन म्हणतात. एअर रायफल वेगळी. ती हवेच्या दाबावर चालते, १० मीटरवरून, आणि तिचा मधला गोल अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे नुसता ठिपका.

बंदूक म्हटलं की आपल्यापैकी अनेकींच्या अंगावर काटा येतो. हिंसा झेललेल्या बायकांमध्ये आपण काम करतो, तेव्हा ते बरोबरच आहे. म्हणून दोन गोष्टी आधीच स्पष्ट करते. एक, मी हे स्वसंरक्षण म्हणून सांगत नाही. रेंजवर शिकलेली मुलगी काही रस्त्यावर रायफल घेऊन हिंडणार नाही, आणि घरात मारणाऱ्या नवऱ्यावर उपाय बंदूक नव्हे. तिथे कायदा आणि संघटना लागते. दोन, या खेळात रागाला जागा नाही. छातीची धडधड वाढली की नेम हलतो. सगळी कमाई श्वास सावकाश करण्यात आणि स्थिर राहण्यात आहे. रेंजवरची शिस्तही ऐकण्यासारखी आहे. हुकूम मिळाल्याशिवाय गोळी भरायची नाही, नळीचं तोंड कायम लक्ष्याकडे, ‘स्टॉप’ म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं. आणि कुठे धोका दिसला तर तो अधिकाऱ्याच्या कानावर घालणं हे खेळाडूचं कर्तव्य आहे, असं नियमातच आहे. धोका दिसला तर बोलायचं, हे आपल्या पोरींना कोणत्या पुस्तकात शिकवतात?

आता मुख्य मुद्दा, गट कसे पाडतात. खेळात गट हवेतच, दहा वर्षांच्या मुलीला तीस वर्षांच्या बाईसमोर उभं करून चालणार नाही. पण गट पाडताना कुणीतरी ठरवत असतं की कोण कोणाच्या बरोबरीचं, आणि कोणाला किती झेपतं. आपल्या कामात आपण हेच तर रोज पाहतो. मजुरीत गडी माणसाचा दर वेगळा आणि बाईचा वेगळा, का, तर “तिला तेवढं झेपत नाही.” रायफलच्या नियमांत हे वाक्य किती वर्षं टिकलं ते ऐका.

ऑलिंपिकच्या नेमबाजीत १९६८ साली मेक्सिकोत पहिल्यांदा स्त्रिया उतरल्या, त्याही पुरुषांबरोबर, एकाच स्पर्धेत. १९७६ साली माँट्रियलला स्मॉल बोअर थ्री पोझिशनमध्ये अमेरिकेच्या मार्गारेट मर्डॉक आणि तिचाच सहकारी लॅनी बॅशम यांचे गुण सारखे झाले, दोघांचे ११६२. बरोबरी सोडवण्याच्या नियमाने सुवर्ण त्याला मिळालं, रौप्य तिला. राष्ट्रगीताच्या वेळी त्याने तिला हात देऊन आपल्या पायरीवर घेतलं. म्हणजे बाई या खेळात पुरुषाच्या बरोबरीने उभी राहू शकते, हे तेव्हाच जगासमोर सिद्ध झालं होतं.

मग पुढे काय झालं? १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून स्त्रियांसाठी वेगळ्या स्पर्धा सुरू झाल्या. ते चांगलंच झालं. वेगळ्या स्पर्धेमुळे अधिक देशांतल्या अधिक बायका आल्या. पण वेगळ्याबरोबर कमीही आलं. थ्री पोझिशनमध्ये पुरुषांना प्रत्येक स्थितीत ४० गोळ्या, एकूण १२०. स्त्रियांना प्रत्येक स्थितीत २०, एकूण ६०. एअर रायफलमध्ये पुरुषांना ६०, स्त्रियांना ४०. ५० मीटरच्या रायफलचं कमाल वजन पुरुषांसाठी ८ किलो, स्त्रियांसाठी साडेसहा. आणि पालथं पडून मारायची स्पर्धा, जिला प्रोन म्हणतात, ती ऑलिंपिकमध्ये पुरुषांना होती, स्त्रियांना नव्हतीच.

डोक्यावर दोन हंडे आणि काखेत एक घेऊन विहीर चढणारीला साठाच्या वर गोळ्या झेपणार नाहीत, असं ठरवणाऱ्यांनी आपल्याकडची बाई पाहिली नसावी.

याचा फटका आपल्याच मातीतल्या एका बाईला बसला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण करून विश्वविजेत्या झाल्या. नेमबाजीत जागतिक सुवर्ण मिळवणारी ही पहिली भारतीय स्त्री. आपण टाळ्या वाजवल्या, पेपरात फोटो आले. पण ज्या प्रकारात त्या जगात पहिल्या होत्या, तो प्रकार स्त्रियांसाठी ऑलिंपिकमध्ये नव्हता. तोच प्रकार, तेच ५० मीटर, तेच पालथं पडणं, आणि पुरुषांसाठी मात्र पदक ठेवलेलं. तेजस्विनीताईंना ऑलिंपिक गाठायला २०२१ साल उजाडलं. करोनामुळे वर्षभर पुढे गेलेल्या टोकियोच्या स्पर्धेत त्या थ्री पोझिशनमध्ये खेळल्या, तेव्हा त्यांचं वय ४० होतं. अकरा वर्षं त्यांनी वाट पाहिली आणि सराव सोडला नाही, हे त्यांचं मोठेपण. पण ती वाट नियमाने लांबवली होती, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

नियम बदलले, तेही सांगते. बायका ओरडल्या, खेळाडूंनी आकडे पुढे ठेवले, आणि स्त्री-पुरुष समानतेचा आग्रह ऑलिंपिक समितीपर्यंत पोचला. २०१८ पासून स्त्रियांनाही थ्री पोझिशनमध्ये १२० आणि एअर रायफलमध्ये ६० गोळ्या मिळाल्या. पुरुषांची प्रोन २०१६ च्या रिओनंतर ऑलिंपिकमधून गेली आणि स्त्री-पुरुषांच्या मिश्र जोडीची स्पर्धा आली. इथे थोडं थांबून विचार करा. स्त्रियांना प्रोन दिली नाही, पुरुषांची काढली. समानता देण्यानेही येते आणि काढून घेण्यानेही. दोन्हींची किंमत सारखी नसते.

आणि आता खरी गंमत. पुढे थ्री पोझिशनचा आकडा सगळ्यांसाठीच खाली आणला, प्रत्येक स्थितीत २०, एकूण ६०. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं. या प्रकारातलं भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलंच वैयक्तिक पदक. पात्रता फेरीत त्याने ६०० पैकी ५९० गुण मिळवले. म्हणजे गोळ्या किती? साठ. जो आकडा तीसेक वर्षं ‘बायकांचा आकडा’ म्हणून हलका मानला, त्याच आकड्यावर हा गडी लढला, आणि कुणी म्हटलं नाही की हे सोपं पदक आहे. म्हणू नयेच, ते अवघडच आहे. पण मग ते तेव्हाही अवघडच होतं. आकडा तोच होता, खेळणारी बाई होती म्हणून तो कमी दिसत होता.

स्वप्नीलला घडवणाऱ्या दीपाली देशपांडे स्वतः २००४ साली अथेन्सला याच थ्री पोझिशनमध्ये खेळल्या होत्या, साठ गोळ्यांवर. पुरुषाच्या पदकामागे बाई गुरू आहे, हे आपल्या पोरींना मुद्दाम सांगा.

पण गट म्हणजे नेहमी भिंतच, असं मला म्हणायचं नाही. काही गट दार उघडतात. अपंग खेळाडूंच्या नेमबाजीत दोन मुख्य वर्ग आहेत. ज्यांना रायफलचं वजन स्वतः पेलता येतं तो एस.एच. १, आणि हातात ती ताकद नाही म्हणून ज्यांना स्टँडचा आधार लागतो तो एस.एच. २. ‘तुला काय येत नाही’ असं म्हणून इथे कुणाला बाहेर काढत नाहीत, ‘तुला काय लागेल’ असं विचारून आत घेतात. म्हणून तर जयपूरच्या अवनी लेखराने टोकियोत १० मीटरमध्ये सुवर्ण आणि ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेतलं, आणि पॅरिसला १० मीटरचं सुवर्ण राखलं. वयाचे गटही तसेच. उत्तर प्रदेशातल्या जोहरी गावच्या चंद्रो तोमर आणि प्रकाशी तोमर या जावाजावांनी साठीच्या पुढे बंदूक हातात घेतली आणि ज्येष्ठांच्या गटात पदकं आणली. ज्येष्ठांचा गटच नसता तर त्या आज्यांना कुणी रांगेत उभं केलं असतं?

तेव्हा कोणताही गट समोर आला की तीन प्रश्न विचारा. हा कुणी पाडला? कशासाठी? आणि यामुळे कोण आत आलं, कोण बाहेर राहिलं?

आता आपल्या नांदेड-लातूरकडे येऊ. आपल्याकडे रायफलला दोन वाटा आहेत. पहिली शालेय क्रीडा स्पर्धा. त्यात एअर रायफल आहे, १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट आहेत, मुलींचे वेगळे आहेत. जिल्हा, मग विभाग, मग राज्य. नांदेड आणि लातूर दोन्ही लातूर विभागात येतात. इथे आणखी एक वर्गवारी आहे, ओपन साइट आणि पीप साइट. ओपन साइट म्हणजे साधी खाच असलेली रायफल, पीप साइट म्हणजे बारीक छिद्रातून नेम धरायची, आणि ती महाग. हा गट स्त्री-पुरुषांचा नाही, पैशाचा आहे. पण ओपन साइट आहे म्हणून तर शेतकऱ्याची पोर निदान उभी राहू शकते. हेही दारच.

दुसरी वाट एन.सी.सी.ची. अंजली भागवत मुंबईच्या कॉलेजात एन.सी.सी.तूनच या खेळात आल्या, आणि २००० साली सिडनीत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचलेली पहिली भारतीय स्त्री नेमबाज ठरल्या. गरीब घरच्या मुलीला पॉइंट टू टू हातात मिळण्याची जवळजवळ एकच जागा म्हणजे एन.सी.सी. कारण ही रायफल घरी आणायची तर शस्त्र परवाना लागतो, आणि २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय तो स्वतःच्या नावे मिळत नाही. कॅम्पमध्ये रायफल सरकारची, गोळ्या सरकारच्या.

माझी ती मुलगी इथूनच आली. नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची, अकरावीतली, ऊसतोड कामगारांची लेक. नाव सांगत नाही. कॅम्पच्या फायरिंगमध्ये तिच्या पाच गोळ्या इतक्या जवळजवळ पडल्या की हवालदारांनी कागद काढून सगळ्यांना दाखवला. याला ते ग्रुपिंग म्हणतात. पुढच्या कॅम्पसाठी तिचं नाव निघालं. घरी आजी म्हणाली, “बंदूकवाली पोर कोण करून घेईल?” आईने मात्र होकार दिला. वडील तेव्हा टोळीबरोबर कारखान्यावर. संमतिपत्रावर आईने सही केली. कॉलेजच्या ऑफिसात ते परत केलं, “वडिलांची सही आणा.”

मुलगी आमच्याकडे आली. आम्ही काय केलं? आम्ही निवेदन लिहिलं. स्त्रीच्या पालकत्वाचा अपमान, पितृसत्ता, सगळं त्यात घातलं. बायका गोळा केल्या, सह्या घेतल्या. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी प्राचार्यांसमोर बसलो तेव्हा आमच्यातल्या एका सातवी शिकलेल्या मावशीने तो कोरा फॉर्म हातात घेतला आणि बोट ठेवून वाचला. म्हणाली, “बाई, इथं ‘पालक’ लिवलंय. बाप कुठं लिवलंय?”

बाप कुठेच लिहिलेला नव्हता. नियम चांगला होता. त्यावर सवय बसली होती. आणि आम्ही, एम.एस.डब्ल्यू. झालेल्या, नियमाविरुद्ध लढत होतो, नियम न वाचता. प्राचार्यांनी तिथल्या तिथे आईची सही मान्य केली. पण यादी आदल्या संध्याकाळी गेली होती. तिच्या जागी दुसरी मुलगी गेली. तिचाही तो हक्कच, तिच्याविषयी माझं काही म्हणणं नाही. पण आमच्या पोरीची पाळी गेली. पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरवलं. अठराला दोन महिने कमी होते. ते लग्न आम्ही थांबवलं, इतकं तरी केलं. एन.सी.सी. मात्र तोवर सुटली होती.

नेमबाजीच्या नियमात २१ वर्षांपर्यंतची मुलगी ज्युनियर असते. शिकणारी, चुकायची मुभा असलेली. आणि आपल्या गावात सतरा वर्षांची ‘मोठी झाली’, आता कशाला थांबायचं! या दोन वर्गवाऱ्यांमधलं अंतर कमी करणं हे आपलं काम आहे.

म्हणून उद्या गावी गेल्यावर काय करायचं, तेवढं सांगून थांबते.

पहिलं, जन्मतारीख. आपल्याकडे निम्म्या पोरी १ जूनला जन्मलेल्या आहेत, गुरुजींच्या कृपेने. आधारवर एक तारीख, शाळेच्या दाखल्यावर दुसरी. वयोगटाच्या स्पर्धेत यावरूनच नाव उडतं. आठवीतच दोन्ही कागद जुळवून घ्या. बालविवाह थांबवतानाही हाच कागद कामाला येतो.

दुसरं, शाळेत जाऊन विचारा की शालेय स्पर्धेत रायफलच्या गटात मुलींची नावं पाठवता का. नसतील पाठवत, तर का नाही, ते लेखी मागा. कॉलेजात एन.सी.सी. असेल तर मुलींच्या जागा किती आहेत आणि किती भरल्या, हेही विचारा.

तिसरं, फॉर्म घरी आणून मोठ्याने वाचा. ‘पालक’ असेल तिथे आईची सही चालते. चालत नाही म्हणणाऱ्याला नियम दाखवायला सांगा. निवेदन त्यानंतर.

चौथं, कॅम्प आणि रेंजवर मुलींच्या संडास-बाथरूमची सोय काय आहे, सोबत बाई कोण आहे, हे आधी विचारा. जाड जाकीट घालून तास-दीड तास खेळायचं, आणि संडास नाही म्हणून पोरी दिवसभर पाणी पीत नाहीत. पाळीच्या दिवसांत तर नावच मागे घेतात. नियमांच्या पुस्तकात नसलेला हा नियम सगळ्यांत जास्त मुलींना बाद करतो.

पाचवं, प्रमाणपत्रं जपा. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. कोणती स्पर्धा, कोणता क्रमांक, कोणत्या पदासाठी चालतो याचे नियम आहेत, आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याकडून होते. लग्नात पेटी आवरताना ते कागद चुलीत जाऊ देऊ नका.

आपल्या मुलखाला शस्त्र धरलेली बाई नवी नाही. मुक्तसरची लढाई लढलेल्या माई भागोंच्या नावाची वास्तू नांदेडला हुजूर साहिबच्या आवारात उभी आहे. रझाकारांशी लढलेल्या दगडाबाई शेळक्यांना मराठवाडा मानतो. पण अशी एखादीच असते म्हणून तिची आपण पूजा करतो, आणि बाकीच्यांना घरी बसवतो. मला पूजा नको आहे. मला यादीत नावं हवी आहेत, दर वर्षी, दर तालुक्यातून, साध्या पोरींची.

ती मुलगी आता एका दुकानात हिशेब लिहिते, बाहेरून बी.ए. करते. तो पाच भोकांचा कागद तिने जपून ठेवला आहे. मागच्या महिन्यात तिने धाकट्या बहिणीचा एन.सी.सी.चा फॉर्म आणून माझ्यासमोर ठेवला. पालकाच्या रकान्यात आईची सही होती. म्हणाली, “ताई, या वेळी आधी वाचलाय.”